आधी पोटोबा, पण मुद्दल कोणाचे?

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. हवामानबदलाची चर्चा कुठेही सुरू होवो, दिल्लीच्या परिषदेत, पर्वरीच्या विधानसभेत किंवा आमच्या कचेरीत दुपारच्या चहावर, शेवटी गाडी याच म्हणीवर येऊन थांबते. आपला देश गरीब. आधी कारखाने निघू द्यात, रस्ते होऊ द्यात, पोरांना नोकऱ्या लागू द्यात. झाडे, समुद्र आणि हवा यांचे मग पाहू. समोरचा म्हणतो, बंद करा सगळे. खाण बंद, कोळसा बंद, नवा रस्ता बंद. राहायला जागाच उरली नाही तर त्या नोकऱ्या काय चुलीत घालायच्या? दोघांचाही आवाज चढतो, चहा निवतो आणि जो तो आपापल्या टेबलाकडे वळतो.

वाचकहो, मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने सरकारी कारकून. गेली वीसेक वर्षे जमाखर्चाच्या कागदांत गेली. या नोकरीने एक गोष्ट मात्र शिकवली. एखादा वाद वर्षानुवर्षे मिटत नसेल तर माणसांपेक्षा वहीकडे आधी पाहावे. बहुधा तिच्यातला एखादा रकाना कोराच राहिलेला असतो. विकास की पर्यावरण या वादाचेही मला तसेच वाटते. आणि तो कोरा रकाना पाहायचा तर आपल्या गोव्याएवढी सोयीची जागा नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरचे चिमुकले राज्य. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मध्ये खाणी, खाजने आणि कुळागरे. इथे केलेल्या खर्चाचे बिल दूर जात नाही, शेजारच्याच गावात येते.

पोटोबाचा पक्ष घेणाऱ्यांचे जे खरे आहे ते प्रथम मान्य करू. जगाच्या लोकसंख्येच्या सहाव्या हिश्शाहून अधिक माणसे भारतात राहतात. पण औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत सोडलेल्या कर्बवायूत भारताचा वाटा ४ टक्क्यांच्या आत आहे. आजही एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी २ टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे आणि अमेरिकन माणसाची १४ टनांच्या आसपास. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळून घरे भरली, त्यांनी आपल्याला दिवा लावताना उपदेश करावा, हे कोणालाही झोंबेल. १९७२ साली स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि प्रदूषण यांचा संबंध जगापुढे मांडला होता. १९९२ च्या हवामान करारात 'जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे' हे तत्त्व लिहिले गेले, त्यामागे आपल्यासारख्या देशांचा रेटा होता. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला वर्षाला १०० अब्ज डॉलर देण्याचा शब्द दिला. २०२० पर्यंत तो पाळायचा होता, तो पुरा झाला २०२२ मध्ये. २०२४ साली बाकूला ३०० अब्जांचा नवा आकडा ठरला, तोही २०३५ पर्यंत, आणि भारताने तिथल्या तिथे नाराजी नोंदवली. ही नाराजी रास्तच होती.

तेव्हा वाढण्याचा हक्क आपला आहे, यात माझ्या मनात किंतु नाही. ज्या घरात अजून एक कमावता आणि सहा खाणारे आहेत, त्या घराला काटकसरीवर प्रवचन देणे हा उद्धटपणा आहे.

पण समुद्र कोणाचा हक्क पाहून चढत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. आकडे वाचून आपल्याला काही होत नाही, म्हणून आपलेच २०२१ साल आठवा. मे महिन्याच्या मध्यावर 'तौक्ते' वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. माड आणि आंबे आडवे झाले, विजेचे खांब मोडले आणि कित्येक वाडे दिवसच्या दिवस अंधारात राहिले. दोन महिने होतात न होतात तो जुलैमध्ये म्हादई आणि इतर नद्यांना असा पूर आला की सत्तरी, डिचोलीतल्या घरांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. ज्यांची मातीची घरे पडली, त्यांनी कोळसा किती जाळला असेल? जबाबदारी ठरवताना आपण निर्दोष आहोत, पण भरपाई आपणच भरतो आहोत. हक्काच्या भाषणाने पडलेली भिंत उभी राहत नाही.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे येतो.

आपल्या खाणींची गोष्ट घ्या. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या परवान्यांवर १९५० च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी खनिज जोरात जाऊ लागले. मुक्तीनंतर ते वाढले. चीनची मागणी आल्यावर तर त्याला धरबंध राहिला नाही. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्यात शेजारच्या कर्नाटकातलाही काही माल होता. डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतल्या रस्त्यांवर तांबडी धूळ आणि ट्रकांच्या रांगा. मांडवी, जुवारीत बार्जी. त्या काळात गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकावर असल्याच्या बातम्या आपण अभिमानाने वाचत होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की हे परवाने २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते. म्हणजे मधली जवळजवळ पाच वर्षे जे निघाले ते परवान्याविना निघाले. याच निकालाने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. खाणी पुन्हा चालू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. २०२२ च्या अखेरीपासून लिलाव सुरू झाले, आणि २०२४ पासून खनिज पुन्हा निघू लागले.

या सगळ्यावर आपण भरपूर भांडलो. पण वहीत ही रक्कम कुठे लिहिली जाते, यावर कोणी भांडले नाही. खनिजावरचे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, सरकारी लेख्यांत महसुली जमेत दाखवतात. मुख्य लेखाशीर्ष ०८५३. महसुली जमा म्हणजे चालू उत्पन्न. जसा कर, जशी फी. ते पगारावर, पेन्शनीवर, रस्त्याच्या डागडुजीवर खर्च करायला मोकळीक. आता दुसरे उदाहरण पाहा. सरकारने एखाद्या सरकारी कंपनीचे समभाग विकले तर ती रक्कम भांडवली जमेत जाते. का? तर मालमत्ता विकून आलेला पैसा हा कमाईचा पैसा नव्हे, हे हिशेबशास्त्राला कळते. मग डोंगर विकला तर? समभाग एक वेळ परत विकत घेता येतील. एकदा बार्जीत चढलेले खनिज पुन्हा डोंगरात जात नाही. तरी ते विकून आलेला पैसा आपण महिन्याच्या पगारासारखा मोजतो.

हीच गोष्ट राज्याच्या सकल उत्पन्नाची. टनामागे टन निघाला की उत्पन्न वाढले. डोंगर तेवढा कमी झाला, झरा आटला, पिसुर्लेसारख्या गावच्या शेतांत खाणीचा गाळ येऊन बसला, यातले काही वजा होत नाही. उलट गाळ उपसायला ठेकेदार लावला तर त्याचे बिलसुद्धा उत्पन्नातच जमा!

आपल्या आज्या हे अर्थशास्त्र न शिकता जाणत होत्या. ज्या घरात भाटाचा एकेक तुकडा विकून जेवणावळी होत, त्या घराबद्दल 'मुद्दल खातात' असे दबक्या आवाजात बोलले जाई. त्या घरच्या पंगतीत पक्वान्ने जास्त असत आणि म्हणून कोणी त्यांना श्रीमंत म्हणत नसे. गोव्याने आणि थोड्याफार फरकाने सगळ्या देशाने हे शहाणपण मोठ्या आकड्यांच्या नादात गमावले आहे.

म्हणून मला वाटते, 'विकास की पर्यावरण' हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. आधी हे विचारावे की ज्याला आपण विकास म्हणतो ती कमाई आहे की मुद्दल? कमाई असेल तर खुशाल खा, पोटोबा आधी. मुद्दल असेल तर त्याचे काय केले ते दाखवा. हवामानाचा प्रश्नही शेवटी हाच आहे. हवा, जंगल, खाडी आणि डोंगराखालचे पाणी ही आपल्याला वारशाने आलेली ठेव. गरीब देशाला तर ती जास्तच जपली पाहिजे, कारण त्याच्याजवळ दुसरी ठेव फारशी नसते. श्रीमंताचा समुद्रकिनारा वाहून गेला तर तो विम्याचे पैसे घेऊन दुसरीकडे बंगला बांधील. आपल्या रापणकाराने कुठे जावे?

यावर कोणी म्हणेल, बाबू, तुझा पगार पहिल्या तारखेला होतो, तुला बोलायला काय जाते? प्रश्न चोख आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा आम्हा कचेरीवाल्यांची एक दिवसाची रजाही बुडाली नाही. बँकेचे कर्ज काढून घेतलेला ट्रक दारात गंजताना पाहिला तो डिचोली, सांग्यातल्या माणसाने. गॅरेजवाला, टायरवाला, खाणीच्या वाटेवरची भजीपावाची गाडी चालवणारी बाई, सगळ्यांची चूल एका कागदाने विझली. त्या माणसांना 'पर्यावरण वाचले' असे सांगणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण याच प्रसंगाने मुद्दा पक्का होतो. साठ वर्षे खनिज गेले. त्यातला ठरावीक हिस्सा बाजूला ठेवून त्याच्या व्याजावर खाणपट्ट्याची दुसरी घडी बसवली असती, तर २०१२ साली माणसे अशी उघड्यावर पडली नसती. नॉर्वेने तेलाच्या पैशासाठी १९९० साली असा निधी उभारला, आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी एक आहे. नाउरू नावाच्या चिमुकल्या बेटाने फॉस्फेट विकून काही वर्षे ऐश केली, आणि फॉस्फेट संपल्यावर हाती उकरलेले बेट राहिले. दोघांनीही मुद्दलच विकले. फरक वहीचा.

आपल्याकडेही या निधीची सुरुवात झाली ती सरकारला सुचले म्हणून नव्हे. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २०१४ च्या त्याच निकालात न्यायालयाने खनिजाच्या विक्रीच्या १० टक्के रक्कम 'गोवा आयर्न ओअर परमनंट फंड' म्हणून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवण्याचा आदेश दिला. 'गोंयची माती' या चळवळीचे म्हणणे याच्याही पुढे जाते. खनिजाची पूर्ण किंमत निधीत जावी आणि त्याचे फळ सर्व गोमंतकीयांना सारखे मिळावे, असे ते मांडतात. तपशिलावर मतभेद होऊ शकतात. पण खाणी पुन्हा सुरू होत असताना किती टन आणि कोणाला, यावर जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही या निधीवर होत नाही, हे मला खुपते.

आता जमेची बाजू पाहू. आमच्या पूर्वजांनी मुद्दल राखून पोटोबा कसा चालवला, याचे उदाहरण शोधायला नॉर्वेला जाण्याची गरज नाही. आपली खाजने आहेत ना!

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. भरतीच्या पातळीहून खाली असलेली खाडीकाठची जमीन बांध घालून शेतीखाली आणली, ती खाजन. गोव्यात ती साधारण १८ हजार हेक्टर असल्याचे सांगतात. मातीचे बांध, बाहेरच्या बाजूला लाटांचा जोर मोडायला खारफुटी, आणि बांधात बसवलेली मानस. मानशीचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. वीज लागत नाही, पंप लागत नाही. पावसाळ्यात मीठ धुऊन गेले की खारे सोसणारे कोरगूट भात, भातानंतर पोंयीत मासळी आणि सुंगटां, काही ठिकाणी मिठागर. मानशीवर मासळी धरण्याची दरवर्षी पावणी व्हायची आणि बांधाची राखण गांवकरी करायची. फिरंगी येण्याआधीपासून हे चालत होते. १५२६ च्या फोरालात पोर्तुगिजांनी गांवकरीचे रिवाज लिहून काढले, ते त्यांनी घडवले नव्हते.

समुद्र चढणार म्हणून आज जगातली मोठी शहरे भिंती बांधायला निघाली आहेत. आपल्याकडे ती भिंत शेकडो वर्षांपासून उभी आहे. तीही अशी, जी भातही देते आणि मासळीही देते. हवामानाची उपाययोजना आणि पोटापाण्याचा धंदा एकाच बांधावर!

मग आज ती मोडकळीला का आली? कारणे अनेक. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. हे न्यायाचेच झाले. पण बांधाची सामुदायिक जबाबदारी कूळ संघांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती कागदावर राहिली. भातापेक्षा मासळीच्या पावणीत पैसा जास्त, म्हणून कुठे कुठे मानशी उघड्या ठेवून खारे पाणी आत घेतले गेले. आणि तिसरे कारण आपल्याला पुन्हा खाणीकडे नेते. मांडवी, जुवारीतून भरधाव जाणाऱ्या बार्जींच्या लाटांनी हे मातीचे बांध पोखरले. म्हणजे डोंगराचे मुद्दल विकताना आपण खाडीचे मुद्दलही फोडले, आणि यातले काहीही कोणत्याच वहीत खर्ची पडले नाही. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनांना खास संरक्षण दिलेले आहे. पण अधिसूचना बांध बांधत नाही. बांध बांधायला माणसे लागतात, माती लागते आणि वेळेवर मंजूर झालेले बिल लागते. शेवटचे किती कठीण ते आम्हाला विचारा.

विजेचेही थोडे बोलू, कारण तिथे आपण गोंयकार जरा जास्तच साळसूद असतो. आमच्याकडे धुराडे नाही, म्हणून आम्ही स्वच्छ. खरे पाहता गोव्यात स्वतःची वीज जवळजवळ तयारच होत नाही. आपली वीज येते ती छत्तीसगडच्या कोरब्याहून, तेलंगणच्या रामगुंडमहून आणि अशाच दूरच्या केंद्रांतून, मुख्यतः कोळशावर. त्याच कोरब्याला २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत घातले होते. म्हणजे आपल्या वातानुकूलित खोलीचा धूर दुसऱ्याच्या अंगणात जातो. २०२० साली मोलेंच्या जंगलातून जाणारी तम्नारची वीजवाहिनी, रेल्वेचा दुसरा मार्ग आणि चौपदरी रस्ता यांविरुद्ध तरुण पोरे रस्त्यावर उतरली तेव्हा मला अभिमान वाटला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. पण 'वीज हवी, वाहिनी नको' एवढ्यावर थांबून चालणार नाही. आपली वीज आपल्या छपरावर किती होईल, हेही त्याच तळमळीने विचारले पाहिजे.

आणि इथे पोटोबाच्या बाजूने एक चांगली बातमी आहे. २०१० च्या सुमारास सौरविजेचे एक युनिट दहा रुपयांहून महाग पडे. गरीब देशाला ही चैन परवडणार नाही, असे तेव्हा म्हटले जाई आणि ते खरेही होते. २०१७ साली राजस्थानात भडला येथे २ रुपये ४४ पैशांचा दर निघाला. २०२५ च्या मध्यास देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी कोळसा, तेल, वायू यांच्याशिवायची झाली. प्रत्यक्ष निर्माण होणारी बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे, हे विसरून चालणार नाही, आणि २०७० चे शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य दूर आहे. कोळसा उद्या बंद होणार नाही, आणि व्हावा असेही मी म्हणत नाही. पण 'स्वच्छ म्हणजे महाग' हे वाक्य आता जुने झाले. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंतच्या छपरासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. मोठमोठी कौलारू आणि सिमेंटची छपरे असलेल्या आपल्या राज्यात या योजनेची चर्चा चवथीच्या भजनासारखी घरोघरी व्हायला हवी होती.

मग करायचे काय? मी काही धोरण ठरवणारा नव्हे, टिपण लिहिणारा आहे. म्हणून टिपणापुरतेच सुचवतो. कोणताही मोठा प्रकल्प मंजुरीला येतो तेव्हा त्याच्या फायलीत खर्च किती, निधी कुठून, रोजगार किती असे रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना घालावा: यात कोणते मुद्दल खर्ची पडते, ते कोणाचे आहे, आणि त्याच्या बदल्यात पुढच्यांसाठी काय ठेवले? हे अगदी अशक्य नाही. केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून जंगल, पाणी, जमीन यांचे हिशेब छापू लागले आहे. राज्याच्या अंदाजपत्रकाबरोबर असे एक पान जोडले तर विधानसभेत भांडायला निदान खरा आकडा मिळेल.

दुसरे, खनिजाचा पैसा पगारात मिसळणे बंद करावे. यात माझाही पगार आला, हे जाणून लिहितो. निधीच्या व्याजातून पहिला वाटा खाणपट्ट्यातल्या गावांना आणि खाजनांच्या बांधांना द्यावा. ज्या तालुक्यांनी डोंगर दिला त्यांना पाणी आणि काम मिळावे, आणि ज्या खाडीने बार्जी वाहिल्या तिचे बांध उभे राहावेत. बांध घालणे, गाळ काढणे, खारफुटी राखणे, मानशी दुरुस्त करणे ही सगळी हाताला काम देणारी कामे आहेत. ट्रक चालवणाऱ्याला ती कमीपणाची वाटू नयेत एवढी मजुरी त्यात असली पाहिजे. नाहीतर हवामानाच्या नावाने शहाण्यांची भाषणे आणि गरिबाची उपासमार, असेच चालू राहील.

तिसरे, जगाच्या व्यासपीठावर आपण जे मागतो ते घरातही द्यावे. श्रीमंत देशांना आपण म्हणतो, ज्याने खाल्ले त्याने भरावे. बरोबरच आहे. मग गोव्यातही ज्याने खाल्ले त्यानेच भरावे. वास्कोच्या घरांच्या खिडक्यांवर बसणारी कोळशाची भुकटी, बल्लारीकडच्या पोलाद कारखान्यांसाठी मुरगावात उतरणाऱ्या मालाची, तिथले रहिवासी पुसतात. २०१७ च्या जनसुनावण्यांत ते तासन्‌तास हेच सांगत होते. दिल्लीने न्यूयॉर्ककडे न्याय मागावा आणि वास्कोने मागितला तर त्याला विकासविरोधी म्हणावे, हे कुठल्या गणितात बसते?

पोटोबा आधी, हे मला मान्य आहे. गरिबाच्या ताटाकडे बोट दाखवून पृथ्वी वाचवणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. पण ज्या म्हणीवर आपण सगळा वाद संपवतो, तिच्यातला 'मग' हा शब्द कोणी नीट ऐकत नाही. मग विठोबा, म्हणजे त्याच्यासाठी काहीतरी राहायला तर हवे. आपण जेवून उठताना ताटच विकून टाकले, तर मागाहून येणाऱ्या पंगतीने कशावर जेवावे, याचे उत्तर आपल्या वहीत आज तरी नाही. ते लिहून काढायला फार मोठी क्रांती नको. एक कोरा रकाना भरायचा आहे.